डॉक्टर व्हायचं की प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ? बारावी बायोलॉजीनंतरचे दोन रस्ते, वाशी तालुक्यातील विद्यार्थी-पालकांसाठी सविस्तर माहिती

वाशी : बारावीला बायोलॉजी घेतलं की घरात, भावकीत आणि गावात एकच प्रश्न सुरू होतो, "मग डॉक्टर कधी होणार?" नीटमध्ये मार्क कमी पडले की तोच प्रश्न टोमणा बनतो. वाशी, तेरखेडा, पारगाव परिसरातली कितीतरी मुलं लातूरला क्लास लावतात, एक वर्ष, दोन वर्षं, कधी तीन वर्षं नीट देतात. काहींना एमबीबीएस मिळतं, बऱ्याच जणांना मिळत नाही. न मिळालेल्यांपैकी अनेकांना 'बायोमेडिकल सायन्स' नावाचा दुसरा रस्ता आहे हेच माहीत नसतं. ज्यांनी तो ऐकलेला असतो, त्यांना तो 'डॉक्टर होता आलं नाही म्हणून केलेला कोर्स' वाटतो. दोन्ही रस्त्यांवर नेमकं काय काम असतं, किती वर्षं जातात, पैसा किती लागतो आणि फसवणूक कुठे होते, याची ही माहिती. फॉर्म भरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावी.

दोन्हींतला फरक, एका ओळीत

डॉक्टर आजारी माणसाला तपासतो, औषध देतो, ऑपरेशन करतो. बायोमेडिकल शास्त्रज्ञ आजाराला तपासतो. तो आजार कशाने होतो, रक्तात काय बदल होतो, कोणती चाचणी तो लवकर पकडेल, कोणती लस तो थांबवेल, हे शोधणं त्याचं काम. डॉक्टरासमोर पेशंट बसलेला असतो, शास्त्रज्ञासमोर पेशंटचा नमुना, पेशी, जंतू किंवा आकडे असतात. एकाचं काम दुसऱ्याशिवाय चालत नाही.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं

हे समजायला मुंबई-पुण्याला जायची गरज नाही. १९९९ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील ल्योन इथली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. गावांचे ५२ गट पाडले गेले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला त्यात होत्या. काही गटांत एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप तपासणी, काहींत व्हिनेगरसारखं अॅसिटिक अॅसिड लावून डोळ्यांनी तपासणी झाली, तर काही गटांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नावाजलेल्या नियतकालिकात निकाल छापून आला. नेहमीच्या व्यवस्थेतल्या गटांत या कॅन्सरने ६४ महिला दगावल्या, तर एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटांत ३४. दोन्हीकडे महिलांची संख्या ३१ ते ३४ हजारांच्या घरात होती. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पुढे जगभर या चाचणीचा विचार करताना या जिल्ह्यातल्या बायांवरच्या अभ्यासाचा आधार घेतला गेला.

आता हे काम कुणी केलं ते बघा. गावोगाव जाऊन नमुने घेणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. नमुन्यात विषाणू आहे की नाही हे सांगणारी प्रयोगशाळेतली माणसं होती. चाचणीत दोष निघालेल्या बाईची पुढची तपासणी आणि उपचार करणारे डॉक्टर होते. हजारो नोंदींचा हिशेब मांडून 'हा फरक खरा आहे, योगायोग नाही' हे सिद्ध करणारे आकडेतज्ज्ञ होते. यातला एकही गट नसता तर अभ्यास उभा राहिला नसता. बार्शीतच १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शीबरोबर आपल्या जिल्ह्यातल्या भूम, परंडा तालुक्यांतली गावंही त्यात आहेत. तेही असंच मिळून केलेलं काम.

डॉक्टर नसूनही जीव वाचवणारे

मुंबईत १८९६-९७ मध्ये प्लेगने थैमान घातलं तेव्हा लस तयार केली वाल्डेमार हाफकिन यांनी. ते डॉक्टर नव्हते, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांची गोष्ट तर आजच्या अनेक घरांसारखी आहे. मुलीने मेडिकलला जावं अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र निवडलं, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी घेतली, अमेरिकेत पुढचं संशोधन केलं आणि परत येऊन मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. टिश्यू कल्चर म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र. कॅन्सर आणि कुष्ठरोगावर त्यांनी मोलाचं काम केलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक डॉ. वसंत खानोलकर मात्र मेडिकलवाले, पॅथॉलॉजीतले डॉक्टर होते.

उलट उदाहरणही आहे. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर एमबीबीएस, एमडी झाले आणि कोकणात महाड भागात काम करताना विंचूदंशाने माणसं मरताना पाहिली. प्राझोसिन या औषधाने ती वाचतात हे त्यांनी पेशंट तपासता तपासता दाखवून दिलं आणि ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे डॉक्टर झालं की संशोधन बंद, असंही नाही.

पहिला रस्ता : एमबीबीएस

नीट-यूजी ही एकच परीक्षा. २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५ आणि बायोलॉजीचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. पेपर मराठीतूनही देता येतो. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवं. वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली आहे.

स्पर्धा किती आहे हे स्पष्ट माहीत असावं. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यात सरकारी साधारण निम्म्या. सरकारी कॉलेजच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलमार्फत भरतात. पूर्वी राज्यात ७०:३० असा प्रादेशिक कोटा होता. मराठवाड्यात कॉलेजं कमी असल्याने इथल्या मुलांना त्याचा फटका बसायचा. तो कोटा २०२० मध्ये रद्द झाला.

जवळची सरकारी कॉलेजं : धाराशिव (२०२२ पासून, १०० जागा), लातूर, अंबाजोगाई आणि सोलापूर. धाराशिवला कॉलेज झाल्याने जिल्ह्यातल्या मुलांना घराजवळ शिकायची सोय झाली, पण प्रवेश राज्याच्या गुणवत्ता यादीनुसारच मिळतो. 'आपल्या जिल्ह्याचं कॉलेज म्हणून जागा पक्की' असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

वेळ : साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण साडेपाच वर्षं. सरकारी कॉलेजातून शिकल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचा बंधपत्रित काळ असतो. तो टाळला तर दंड भरावा लागतो. आजच्या काळात बहुतेक जण पुढे एमडी-एमएससाठी नीट-पीजी देतात, त्याची आणखी तीन वर्षं. म्हणजे १८ व्या वर्षी सुरू केलं तर स्पेशालिस्ट व्हायला तिशी उजाडते.

काम : प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, खासगी प्रॅक्टिस, कॉलेजात अध्यापन. रात्री-अपरात्रीचे फोन, बाळंतपणं, अपघात, पोस्टमॉर्टेम, नातेवाइकांचा राग, हे सगळं यात आलं. पेशंटशी बोलायला आवडतं का, रक्त बघून हातपाय गळतात का, दहा लोक ओरडत असताना डोकं शांत राहतं का, हे प्रश्न मार्कांइतकेच महत्त्वाचे.

दुसरा रस्ता : बायोमेडिकल सायन्स

'बीएस्सी बायोमेडिकल सायन्स' या नेमक्या नावाची पदवी दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांत आणि काही खासगी विद्यापीठांत आहे. आपल्याकडे हेच शिक्षण बहुतेक करून मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी या नावांनी मिळतं. त्यामुळे केवळ नाव भारी वाटतं म्हणून लाखोंची फी भरण्याआधी जवळच्या अनुदानित कॉलेजात तोच विषय आहे का, हे बघावं. लातूरच्या जुन्या सायन्स कॉलेजांत हे विषय आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं धाराशिव उपकेंद्र जवळ आहे.

'बायोमेडिकल इंजिनिअरिंग' हे मात्र वेगळं आहे. तो मशिनचा, म्हणजे एमआरआय, व्हेंटिलेटर, ईसीजीसारख्या यंत्रांचा अभ्यास, आणि त्याला गणित लागतं. अकरावीला गणित सोडलं की तो रस्ता बंद होतो. पुण्याच्या आयसरसारख्या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा कोर्स करायचा असेल तर त्यांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राबरोबर गणिताचेही प्रश्न असतात. म्हणून अकरावीत झेपत असेल तर बायोलॉजी आणि गणित दोन्ही ठेवणं फायद्याचं.

वेळ : तीन वर्षांची बीएस्सी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. त्यानंतर एमएस्सी. संशोधनात जायचं असेल तर पीएचडी, त्याला पाच वर्षं धरून चाला. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर एमएस्सीशिवायही पीएचडीला अर्ज करता येतो. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये फेलोशिप मिळते, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत.

काम : पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, नवी मुंबईतलं टाटाचं खारघर केंद्र, परळची हाफकिन अशा संस्था. पुणे, छत्रपती संभाजीनगर, हैदराबादच्या औषध आणि लस कंपन्यांत गुणवत्ता तपासणी, उत्पादन, संशोधन. सरकारी भरतीत प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, रक्तपेढी वैज्ञानिक अधिकारी अशी पदं निघतात, मात्र प्रत्येक पदाची पात्रता जाहिरातीत नीट वाचावी, काहींना डीएमएलटी लागतं. कोरोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीने देशी चाचणी किट बनवलं. त्या टीमच्या प्रमुख विषाणूशास्त्रज्ञ मीनल डाखवे-भोसले होत्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविरुद्धची देशी लसही पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होऊन २०२३ मध्ये बाजारात आली.

खरी अडचणही सांगायला हवी. नुसत्या बीएस्सीवर चांगला पगार क्वचितच मिळतो. हा रस्ता एमएस्सी, पीएचडी किंवा एखाद्या हातातल्या कौशल्यापर्यंत जाणाऱ्यालाच फळतो. नोकऱ्या बहुतेक शहरांत आहेत. गावात राहूनच काम करायचं असेल तर हा रस्ता अवघड.

मधले रस्ते विसरू नका

डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांच्यामध्ये बरंच काही आहे.

• बीएएमएस, बीएचएमएस : नीटवरच प्रवेश, साडेपाच वर्षं. धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे.
• पशुवैद्यक : नीटवर प्रवेश, साडेपाच वर्षं. उदगीरला कॉलेज आहे. दूधधंद्याच्या आपल्या भागात या डॉक्टरची गरज रोजची.
• फिजिओथेरपी : नीटवर प्रवेश, शेवटी इंटर्नशिप.
• बी फार्मसी : एमएचटी-सीईटीवर, चार वर्षं. डी फार्मसी दोन वर्षांत होतं आणि मेडिकल स्टोअर टाकता येतं.
• बीएस्सी नर्सिंग : सीईटी सेलची वेगळी परीक्षा, चार वर्षं.
• बीपीएमटी, डीएमएलटी : लॅब, एक्स-रे, रक्तपेढी, ऑपरेशन थिएटर अशी तांत्रिक कामं. बीपीएमटी तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप.

लवकर कमवायची गरज असलेल्या घरासाठी नर्सिंग, फार्मसी किंवा लॅब टेक्निशियनचा कोर्स हा नीटच्या तिसऱ्या प्रयत्नापेक्षा शहाणपणाचा ठरू शकतो.

पाच गैरसमज

१. "बीएस्सी करून मागच्या दाराने एमबीबीएसला जाता येतं." नाही. भारतात बीएस्सीवरून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश नाही. पुन्हा नीटच द्यावी लागते.

२. "पीएचडी केली की नावापुढे डॉक्टर लागतं, मग दवाखाना टाकता येतो." नावापुढे डॉ. लागतं, पण पेशंट तपासता येत नाही. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

३. "लॅब टाकली की रिपोर्टवर आपलीच सही." सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे की पॅथॉलॉजी रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. टेक्निशियन चाचणी करू शकतो, रिपोर्ट प्रमाणित करणं वेगळं.

४. "परदेशात नीटशिवाय एमबीबीएस होतं." भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर परदेशी जाण्याआधी नीट पात्र व्हावंच लागतं. शिवाय २०२१ च्या नियमानुसार तिथला कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, तिथेच १२ महिने इंटर्नशिप हवी, परत आल्यावर इथली परीक्षा पास व्हावी लागते आणि पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. परीक्षेत ३०० पैकी १५० गुण लागतात आणि दर वेळी बरेच जण नापास होतात. एजंटच्या शब्दावर जमीन विकण्याआधी हे चारही मुद्दे कागदावर लिहून त्याच्याकडून उत्तर घ्या.

५. "डोनेशन देऊन सीट पक्की करून देतो." प्रवेश फक्त समुपदेशन प्रक्रियेतूनच होतात. ॲडव्हान्स मागणारा माणूस फसवणारा आहे असंच समजा.

फी आणि सवलती

राज्य शासनाने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. खासगी अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोट्यातले प्रवेश यात बसत नाहीत. त्यामुळे मुलीला मेडिकलला पाठवायला 'परवडत नाही' म्हणण्याआधी ही सवलत तपासा.

मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, हे सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात.

कागदपत्रं वेळेत काढा : अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. मार्क असूनही कागदासाठी सीट गेली, असं दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकून ठेवा. निकालानंतर तहसीलला आणि सेतू केंद्रावर रांग लागते.

ड्रॉप घ्यायचा का?

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणूनच घरात मर्यादा ठरवावी लागते. पहिल्या प्रयत्नाचे गुण आणि त्या वर्षीचा आपल्या प्रवर्गाचा सरकारी कॉलेजचा शेवटचा कटऑफ शेजारी शेजारी लिहा. फरक थोडा असेल, अभ्यासात नेमकी कुठे उणीव राहिली हे कळलं असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एक वर्ष देणं योग्य. फरक फार मोठा असेल किंवा दुसऱ्या वर्षीही गुण तिथेच राहिले असतील, तर तिसरं वर्ष घालवण्याआधी दुसरा रस्ता धरावा. ड्रॉपच्या वर्षी जवळच्या कॉलेजात बीएस्सीला नाव घालून ठेवणं हाही एक मार्ग आहे, पण दोन्हीकडे लक्ष देणं जमेल का, ते आधी बघा.

आणि एक गोष्ट पालकांसाठी. लातूरच्या खोलीत एकटं राहणाऱ्या मुलाला फोनवर रोज "किती मार्क पडले?" एवढंच विचारू नका. जेवण झालं का, झोप होते का, हेही विचारा. मूल गप्प राहायला लागलं, खाणं सोडलं, तर क्लास बुडाला तरी चालेल, घरी घेऊन या. शासनाची 'टेलिमानस' मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.

फॉर्म भरण्याआधी घरी बसून हे सहा प्रश्न

१. मुलाला माणसांबरोबर काम आवडतं की सूक्ष्मदर्शकाबरोबर?
२. तिशीपर्यंत शिकायची तयारी आहे का? दोन्ही रस्त्यांवर ती लागते.
३. घर किती वर्षं पगाराविना थांबू शकतं?
४. गावातच राहायचं आहे की पुण्या-हैदराबादला जायची तयारी आहे?
५. कर्ज काढावं लागलं तर ते कशातून फिटणार?
६. हा निर्णय मुलाचा आहे की पाहुण्यांचा?

शक्य असेल तर सुटीत मुलाला दोन ठिकाणी घेऊन जा. वाशीच्या ग्रामीण रुग्णालयात ओपीडीच्या वेळेला तासभर बसवा आणि परवानगी घेऊन एखाद्या लॅबमध्ये किंवा कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात तासभर उभं करा. कोणत्या ठिकाणी त्याने जास्त प्रश्न विचारले, ते लक्षात ठेवा. प्रवेशाचे नियम, कटऑफ आणि तारखा दर वर्षी बदलतात, त्यामुळे फॉर्म भरताना सीईटी सेल आणि एनटीएच्या अधिकृत संकेतस्थळावरची त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.